रबर मॅट्स कशाने धुवायच्या आणि वर काही लावायचं का: सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून

पावसाळा लागला की गाडीच्या मॅट्सचा विषय निघतोच, त्यात कोकणात राहत असाल तर विचारूच नका, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तांबडी माती चपलांना चिकटून आत येत राहते, खाचांमध्ये बसते, वाळते, परत भिजते, आणि मग कोणी सांगतं कपड्यांची पावडर टाक, कोणी सांगतं डिझेलचा बोळा फिरव, वॉशिंग सेंटरवाला म्हणतो पॉलिश मारून देतो एकदम नवी दिसेल. यातलं नक्की काय करायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, धुवायला सौम्य साबण आणि ब्रश, आणि ड्रायव्हरच्या मॅटवर काहीही लावायचं नाही. बाकीच्या मॅट्सना लावायचंच असेल तर एकच प्रकार मला पटतो, तो खाली येईल.

आधी मॅट उलटून बघा

दुकानात सगळ्यांनाच रबर मॅट म्हणतात पण हातात येतात त्या तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी. खरं रबर जड असतं, टायरसारखा वास येतो, वाकवून सोडलं की पटकन सरळ होतं. पीव्हीसीची मॅट स्वस्त पडते, नवीन असताना तिला प्लॅस्टिकचा उग्र वास येतो आणि जुनी झाली की कडक होते, कारण तिला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं. टीपीईची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकची, मॅट हलकी असते, वास जवळजवळ नसतोच, आणि उंच काठांच्या ज्या ट्रेसारख्या मॅट्स हल्ली मिळतात त्यातल्या बऱ्याच याच असतात. बरेचदा मागच्या बाजूला साच्यातच लिहिलेलं असतं, तेवढं वाचलं तरी काम होतं. आणि ५डी, ७डी म्हणून ज्या विकतात त्या रबर नाहीतच, वर रेक्झिनसारखं कव्हर आणि आत फोम. त्यांना यातलं अर्धं लागू होत नाही, त्यांचं वेगळं सांगतो.

धुवायचे पर्याय

नुसतं पाणी आणि ब्रश. साध्या मातीला एवढं खरंच पुरतं. माती वाळलेली असेल तर आधी मॅट भिंतीवर किंवा कट्ट्यावर आपटून घ्या, अर्धी तिथेच पडते, ओल्या मातीवर ब्रश फिरवला तर ती खाचांमध्ये आणखी दाबली जाते. जुलैत काही वाळतच नाही तेव्हा सरळ पाईप लावा आणि खाचेच्या दिशेने घासा, आडवं नाही. ब्रश नायलॉनचा घ्यायचा, तारेचा नको, तारेने पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी माती त्यातच जाऊन बसते.

कार शाम्पू आणि भांड्यांचं लिक्विड हे दोन्ही मी एकाच रांगेत ठेवतो. शाम्पू साधारण न्यूट्रल असतो, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, रबराला काही करत नाही, फेस भरपूर येतो. भांड्यांचं लिक्विड घरात असतंच, तेलकटपणा चांगला काढतं, म्हणजे डब्यातला रस्सा सांडलाय किंवा पेट्रोल पंपावरचं ऑईल बुटाला लागून आलंय तर इथे लिक्विडच बरं. फक्त ते धुऊन काढायला पाणी जास्त लागतं आणि साबण राहिला तर मॅट ओली झाल्यावर बुळबुळीत होते, त्यामुळे शेवटचं पाणी अजिबात फेस येत नाही इथपर्यंत मारायचं. ज्यांच्याकडे शाम्पू आधीच आहे त्यांनी तोच वापरा, मॅटसाठी म्हणून वेगळी बाटली आणायची काही गरज नाही.

कपड्यांची पावडर लोक सर्रास वापरतात. ती चांगलीच अल्कलाईन असते, पीएच १० च्या आसपास, डाग जातो पण काळ्या रबराचा रंग दर वेळी थोडा फिका होत जातो आणि न विरघळलेले दाणे खाचेत अडकून पांढरे ठिपके राहतात. वर्षातून एकदा वापरली तर आभाळ कोसळत नाही पण दर रविवारची सवय नको.

एपीसी, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, डिटेलिंगवाले वापरतात ते. खूप मळलेल्या, महिनोन् महिने हात न लावलेल्या मॅटला याच्याइतकं चांगलं काही नाही, पण पातळ करून, साधारण एकास दहा पाणी, फवारायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, घासायचं आणि धुवायचं. नेहमीसाठी मात्र नाही, आणि त्याचं कारण जरा नीट सांगतो कारण ते बहुतेकांना माहीत नसतं.

खऱ्या रबराचा मोठा शत्रू हवेतला ओझोन. तो रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो आणि मग बारीक भेगा पडतात, त्यातही जिथे रबर ताणलेलं किंवा वाकलेलं असतं तिथे आधी. म्हणून चांगलं रबर बनवताना त्यात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घालतात, ती हळूहळू वर येतात आणि पृष्ठभागावर पातळ थर करतात. नवीन किंवा बरेच दिवस पडून राहिलेल्या मॅटवर जी राखाडी-पांढुरकी झाक दिसते ती कित्येकदा हाच थर असतो, आणि आपण त्याला मळ समजून जोरदार क्लीनरने घासत बसतो. एकदा घासलं तर आतून परत येतो, पण दर आठवड्याला कडक क्लीनर मारत राहिलात तर रबराचं स्वतःचं संरक्षण तुम्हीच काढून टाकताय. टीपीई आणि पीव्हीसीचा हा प्रश्न नाही, तिथे एपीसी थोडं बिनधास्त चालतं.

आता डिझेल, रॉकेल, पेट्रोल. हे आपल्याकडे अजूनही चालतं आणि लगेच काळी कुळकुळीत मॅट दिसते म्हणून लोकांना वाटतं काय मस्त निघाली. ती चकाकी म्हणजे रबराने तेल पिऊन घेतलंय, नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेलात फुगतं, मऊ पडतं, काठ वाकडे होतात आणि मॅट सपाट बसत नाही. वर बंद गाडीत एसी लावून तो वास घेत बसायचं, पेट्रोल असेल तर पेट घ्यायची भीती वेगळीच. हा पर्याय तुलनेत घ्यायलाच नको होता पण इतके जण करतात म्हणून घेतला. डांबराचा डाग पडला असेल तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन तेवढ्याच जागी, आणि लगेच साबणाने धुवायचं. ब्लीचसुद्धा नको, बुरशी दिसली तरी नको.

पांढरे डाग हे वेगळं प्रकरण. बोअरचं पाणी जड असलं की वाळल्यावर क्षाराचे पांढरे वण राहतात, ते साबणाने जातच नाहीत कारण तो मळ नसतोच. तिथे व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, पाच मिनिटं ठेवून घासा, जातात. शिकागो किंवा टोरांटोकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाचे असेच डाग पडतात, त्यांनी आधी कोमट पाण्याने मीठ विरघळवून काढायचं आणि जे उरेल त्याला हेच मिश्रण.

प्रेशर वॉशर की हाताने? सलग साच्यातली रबर किंवा टीपीई मॅट असेल तर प्रेशरने वेळ वाचतो, थोडं लांबून मारा आणि टाचेखालची वेगळी चिकटवलेली पट्टी असेल तर तिच्या काठावर थेट नको. ५डी-७डी मॅटला प्रेशर अजिबात नाही, शिवणीतून पाणी फोममध्ये शिरतं आणि आठवडाभर बाहेर येत नाही, ती फक्त शाम्पूच्या ओल्या फडक्याने पुसायची.

वाळवणं, ज्यावर कोणी बोलत नाही

माझ्या मते वर काय लावायचं यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. मॅट वरून कोरडी दिसते आणि खालून ओली असते, तशीच गाडीत टाकली की खालचं कार्पेट ओलं राहतं, आणि पावसाळ्यातला तो कुबट वास बरेचदा एसीतून नाही तर तिथून येतो. दोन्ही बाजू फडक्याने पुसा आणि मॅट बाहेर आहे तोवर कार्पेटवर हात दाबून बघा. वाळत घालायचं तर सावलीत, सपाट किंवा भिंतीला टेकवून. दोरीवर मधोमध दुमडून टाकू नका, जास्तीच्या मॅट्स माळ्यावर घडी करून ठेवू नका, भेगा त्या घडीवरच पडतात, कारण वर सांगितलं तेच, ताणलेल्या जागी ओझोन आधी लागतो.

वर काय लावायचं

चमकवायचं सिलिकॉन पॉलिश, टायरचं असो की डॅशबोर्डचं. दिसायला सगळ्यात भारी, आणि पायाखाली सगळ्यात वाईट. सिलिकॉन ऑईलचा थर निसरडा असतो, ओली चप्पल त्यावर ठेवली की टाच सरकते आणि सरकायची जागा कुठली तर क्लच आणि ब्रेकच्या बरोबर मागे. तळव्याला लागून तेच पेडलच्या रबरावर जातं. टायरच्या कितीतरी पॉलिशमध्ये पेट्रोलियम सॉल्व्हंट असतं, म्हणजे डिझेलचीच गोष्ट, फक्त बाटली सुंदर. धूळही जास्त चिकटते. ड्रायव्हरच्या बाजूला हे लावणं मला सरळ धोकादायक वाटतं आणि यात मी काही सूट देणार नाही.

घरगुती उपाय, ग्लिसरीन-पाणी नाहीतर खोबरेल. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणून मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मॅट कायम चिकट राहते. खोबरेल तर रबराला नकोच, तेल ते तेल, आणि खवट वास येतो तो निराळा.

पाण्यावर आधारित, बिनचमकीचं प्रोटेक्टंट, म्हणजे रबर-प्लॅस्टिक जपायला वरून लावायचं, तेलकट चमक न येणारं द्रव. तो एकच प्रकार म्हणालो तो हा. स्वच्छ, पूर्ण कोरड्या मॅटवर फडक्याने अगदी थोडं, थेट फवारायचं नाही, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जोर लावून पुसून काढायचं. बोट फिरवल्यावर बोट सरकलं तर अजून पुसा. मागच्या सीटच्या आणि डिकीच्या मॅटसाठी ठीक आहे, रंग एकसारखा दिसतो, माती थोडी सहज निघते. बाटलीवर पाय ठेवायच्या जागी वापरू नका असं लिहिलेलं असेल, आणि बऱ्याच बाटल्यांवर असतं, तर ते खरं माना.

आणि चौथा पर्याय, काहीच नाही. विकणारे सांगतात ऊन लागून मॅट खराब होईल, यूव्ही प्रोटेक्शन, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून संरक्षण, पाहिजे. पण जरा विचार करा, पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमधला थर यूव्ही जवळजवळ सगळी अडवतो, बाजूच्या काचासुद्धा बरीच अडवतात, शिवाय मॅट खाली सीटच्या आणि डॅशबोर्डच्या सावलीत, आणि काळ्या रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, असतो तो स्वतःच यूव्ही शोषून घेतो. मॅटला कडक ऊन लागतं ते आपण धुऊन गच्चीवर टाकतो तेव्हाच. बाहेरच्या टायरला आणि बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला ही बाटली उपयोगाची आहे, आतल्या मॅटला फारच कमी. म्हणून माझी निवड हीच, काही नाही.

मॅट परत बसवताना

धुण्याइतकंच लक्ष इथे द्या. २८ ऑगस्ट २००९ ला अमेरिकेत सॅन डिएगोजवळ लेक्सस ईएस ३५० गाडीचा अपघात झाला, चार जण गेले. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती, तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची ऑल-वेदर रबर मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटरचं पेडल त्या मॅटमध्ये अडकलं. त्यानंतर टोयोटाने तिथे सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढून ठेवा म्हणून. आपल्याकडे कंपनीच्या कार्पेट मॅटवरच रबर मॅट टाकायची पद्धत आहे, ती सोडा, एका वेळी एकच मॅट, आणि गाडीत हूक किंवा क्लिप दिली असेल तर ती प्रत्येक वेळी लावा. बसवून झालं की इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा, कुठे काठ लागतोय का. वॉशिंग सेंटरमधून गाडी घेताना पायाखाली कागद टाकून देतात तो ड्रायव्हरच्या बाजूचा तिथेच काढून टाका, आणि गाडी देतानाच सांगा, "दादा, मॅटला पॉलिश नको, नुसती धुवून द्या." सांगितलं नाही तर मारतातच, त्यांच्या दृष्टीने ते चांगलं काम असतं.

मग कोणी काय घ्यावं

खरं रबर आणि रोजचा चिखल असेल तर पाणी, ब्रश आणि पंधरा दिवसांतून शाम्पू, बस. टीपीई असेल तर तेच, अधूनमधून पातळ एपीसी. पीव्हीसी कडक झाली असेल तर तिला कुठलंच लिक्विड परत मऊ करत नाही, त्या बाटलीचे पैसे नवीन मॅटसाठी ठेवा. आणि टाचेखाली आरपार झिजलेली, काठ वर उचललेली किंवा जागेवर न थांबणारी मॅट कितीही स्वच्छ असली तरी बदलायची, आणि बदलताना सगळ्या गाड्यांना बसणारी नाही, तुमच्या मॉडेलची आणि हूकची भोकं बरोबर जुळणारी घ्यायची.