कुंभारगावची होडीफेरी: लहान मुलांसह रोहित पक्षी पाहताना

पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण १०० किलोमीटर गेल्यावर भिगवण लागते आणि तेथून आत वळले की उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे कुंभारगाव येते. येथील मासेमार कुटुंबे हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात, आणि त्यांच्यापैकीच काही घरांत राहण्या-जेवण्याची सोयही होते. गेल्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन तेथे एक रात्र राहिलो व दुसऱ्या दिवशी पहाटे होडीने पाण्यात गेलो. या फेरीविषयी छायाचित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. लहान मुले बरोबर असताना ती कशी होते, हे मात्र मला जाण्यापूर्वी कोठेच वाचायला मिळाले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत आधी वेळेविषयी. थंडी पडली की रोहित (फ्लेमिंगो) येतात असे समजून पुष्कळ कुटुंबे नोव्हेंबरातच भिगवण गाठतात आणि निराश होऊन परततात. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असले तर काठापर्यंत खोल पाणी असते, आणि रोहित हा उथळ पाण्यात उभा राहून चिखल गाळून खाणारा पक्षी आहे. शेतीसाठी पाणी सुटू लागते, पातळी उतरते, गाळाच्या दलदली उघड्या पडतात, तेव्हाच त्याला येथे अन्न मिळते. त्यामुळे जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा आरंभ हा काळ भरवशाचा. धरण किती भरले होते यावर दरवर्षी यात थोडाफार फरक पडतो, तेव्हा निघण्यापूर्वी नावाड्याला फोन करून थेट पाण्याची स्थिती विचारावी. ते खरे सांगतात, असा माझा अनुभव आहे.

पहाटे चारला पुण्याहून निघून सकाळची फेरी गाठणे मोठ्यांना जमते, मुलांना नाही. अर्धवट झोपेतून उचललेले मूल होडीत बसल्यावर पक्ष्यांकडे नव्हे, आईच्या मांडीकडे पाहते. आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम केल्यामुळे आमची मुले साडेसहाला आपणहून उठली, आणि सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य वर आला तेव्हा आम्ही पाण्यावर होतो. काठावर जी थंडी सोसवते ती चालत्या होडीत सोसवत नाही, कारण पाण्यावरचा वारा थेट कानात शिरतो. स्वेटरावर वारा अडवणारे एक पातळ जाकीट, कान पूर्ण झाकणारी कानटोपी आणि पायमोजे एवढे असले की पुरते. होडीच्या तळाशी थोडे पाणी असतेच, म्हणून मोज्यांचा एक जादा जोड जवळ ठेवावा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आमचे नावाडी. ते पन्नाशीचे गृहस्थ होते आणि मुलांनी त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली. रोहितांचा थवा दूर गुलाबी रेघेसारखा दिसू लागताच ते म्हणाले, “ताई, आता इंजिन बंद करतो, पुढं बांबूनं जाऊ.” त्यानंतरची वीस मिनिटे होडी केवळ बांबूच्या रेट्यावर सरकत होती. थवा ज्या अंतरावर मान वर करू लागला तेथेच त्यांनी बांबू रोवून होडी थांबवली आणि आणखी जवळ नेण्याची आमची विनंती त्यांनी स्पष्टपणे नाकारली. त्या नकारासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे. पक्षी उडाले नाहीत, आणि त्यामुळेच मुलीला ते खाताना पाहता आले. “ते डोकं उलटं करून का पितात?” असे तिने विचारले, तेव्हा मामांनी आपला तळहात वाकवून दाखवला की रोहिताची चोच मध्येच वाकलेली असते, डोके उलटे केल्यावर ती पाण्यात सपाट बसते आणि तिच्या कडांवरच्या चाळणीतून पाणी बाहेर जाऊन बारीक जीव आत उरतात. त्याच अन्नातून पिसांना गुलाबी रंग येतो, आणि थव्यातले मळकट राखाडी पक्षी म्हणजे अजून रंग न चढलेली पिल्ले, हेही तिने लक्षात ठेवले.

चार वर्षांच्या मुलाला मात्र रोहित फार दूर वाटले. दुर्बीण त्या वयात डोळ्यांवर स्थिर धरता येत नाही, आणि धरता येत नाही म्हणून चिडचिड होते. त्याला आवडला तो होडीपासून दहा-बारा हातांवर चालणारा शेकाट्या, ज्याचे लाल पाय त्याच्या शरीराच्या मानाने अविश्वसनीय लांब असतात. चित्रबलाक, चमचा, थापट्या, राखी बगळा हेही जवळून दिसले. परतताना काठच्या गवतात पट्टकादंब चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो, हे मामांनी सांगितल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती.

फेरी दीड तासाची ठरवावी. नेहमीची अडीच-तीन तासांची फेरी या वयाला फार होते. आमच्या मुलाने एक तास वीस मिनिटांनी “घरी” म्हणायला सुरुवात केली. होडीचे भाडे, तास आणि निघण्याची जागा या तिन्ही गोष्टी आदल्या दिवशीच ठरवून घेतल्या होत्या, त्यामुळे लवकर परतण्याबद्दल कुरकुर झाली नाही.

उणिवा दोन, आणि त्यांतील पहिली गंभीर आहे. आम्हाला मिळालेली सर्व जीवरक्षक जाकिटे मोठ्यांच्या मापाची होती. मुलाला जाकीट घालून खांद्यांपाशी वर उचलले तर ते थेट त्याच्या कानांपर्यंत सरकले, म्हणजे पाण्यात ते निरुपयोगीच ठरले असते. लहान मुलाच्या जाकिटाला पायांमधून जाणारा पट्टा असावा लागतो. पाणी उथळ आहे हे उत्तर मला पटत नाही, कारण काठापासून दलदलीपर्यंतचा पट्टा उथळ नाही. आम्ही दोरीने जाकीट आवळून त्याला पूर्णवेळ धरून बसलो. तशी वेळ येऊ नये. दुसरी उणीव म्हणजे होडीच्या धक्क्यावर शौचालय नाही, त्यामुळे मुलांना मुक्कामावरूनच सर्व आटोपून आणावे लागते.

एक गोष्ट नावाड्यांच्या नव्हे, पाहुण्यांच्या खात्यावर घालते. शेजारच्या होडीतील मंडळी कुरव पक्ष्यांना शेव आणि फरसाण फेकत होती, कारण तसे केले की पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात आणि छायाचित्र चांगले येते. माझ्या मुलांनीही तेच करायचा हट्ट धरला. मीठ-तेलाचे ते खाणे पक्ष्यांचे नाही, हे समजावताना मला बरेच बोलावे लागले. नावाड्यांनी हे थांबवावे अशी अपेक्षा आहे, पण पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणे त्यांना किती कठीण जात असेल, हेही मला कळते.

परतल्यावर मुक्कामी गरम कांदेपोहे आणि दुपारी भाकरीबरोबर तळलेली चिलापी मिळाली. उजनीतला हा मासा मुलांसाठी बरा, कारण त्यात बारीक काटे कमी असतात. तिखट मात्र आधी सांगून वेगळे ठेवायला लावले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यासाठी आम्ही त्याच मामांची होडी पुन्हा ठरवली आहे. या वेळी मुलाच्या मापाचे, पायपट्ट्याचे जाकीट पुण्याहून विकत घेऊन नेत आहोत, आणि परतताना ते त्यांच्याकडेच ठेवून येणार आहोत.