स्ट्राव्हिन्स्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्तो: आठ महिन्यांच्या रियाजानंतर
आधी निकाल. हात लहान म्हणून संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचा हा कॉन्चेर्तो (सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) टाळू नका. टाळायचाच तर लय कच्ची म्हणून टाळा. व्हायोलिनचा भाग आणि पियानो रिडक्शन (ऑर्केस्ट्राचा भाग पियानोसाठी आटवून लिहिलेला) यांवर आठ महिने रोज रियाज झाल्यानंतरचं हे मत आहे.

तोकाता, दोन आरिया आणि काप्रिच्चो हे चारही भाग एकाच कॉर्डने (एकत्र वाजणाऱ्या सुरांनी) उघडतात: मोकळ्या तारेचा डी, ए तारेवरचा ई आणि ई तारेवर पार वरचा ए. पॅरिसच्या एका उपाहारगृहात स्ट्राव्हिन्स्कीने तो कागदावर लिहून दाखवला, तेव्हा ज्याच्यासाठी हा कॉन्चेर्तो लिहिला जात होता तो व्हायोलिनवादक सॅम्युएल दुश्किन ‘नाही’ म्हणून मोकळा झाला होता. घरी जाऊन वाजवल्यावर त्याने लगेच फोन करून शब्द मागे घेतला. का, ते मोजपट्टी सांगते. वाजती तार ३२५ मिमी धरली तर तर्जनी आणि करंगळीत सुमारे ९५ मिमी अंतर पडतं. पहिल्या पोझिशनमध्ये (हात मानेच्या टोकाशी असताना) जी तारेवरचा ए आणि डी तारेवरचा सी शार्प एकत्र घेताना तेच ११७ मिमी होतं! वर सरकावं तशा सुरांच्या जागा जवळ येतात, एवढंच गुपित.

करंगळी आधी बसवा, मग तर्जनी मागे ताणा. उलट केलंत तर करंगळी आडवी पडते आणि वरचा ए उतरतो. तर्जनी उभी हवी; तिची कड डी तारेला लागली की मोकळा डी गुदमरतो आणि आपण उगाच गजाला दोष देत बसतो. वरच्या ए साठी ई तारेचा जेमतेम १२ सेंमी तुकडा उरतो, म्हणून गज घोडीकडे (ब्रिजकडे) न्यावा लागतो. तिथे डी तार खरखरते. आधी डी-ए, लगेच ए-ई असा कॉर्ड मोडला तर ती खरखर बरीच आटोक्यात येते.

स्ट्राव्हिन्स्की स्वतः व्हायोलिनवादक नव्हता. संगीतकार हिंडेमिथने त्याला समजावलं की ते बरंच आहे, बोटांच्या सवयीतून सुचणारं काही येणार नाही. दुश्किनचं काम स्ट्राव्हिन्स्कीला सुचलेलं हाताखाली बसवायचं. त्याने कुठे जास्त चमक आणली की स्ट्राव्हिन्स्की त्याला मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याची उपमा द्यायचा: माल सुंदर आहे, पण मला नको. इथे कादेन्झाही (ऑर्केस्ट्रा थांबवून एकट्या वादकाने कसब दाखवायची जागा) नाही. संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्तोत कादेन्झानंतर घाम पुसता यावा म्हणून व्हायोलिनवादक ओइस्त्राखने शेवटच्या भागाचा आरंभ ऑर्केस्ट्राकडे सोपवायला लावला होता. इथे तशी उसंत फारशी नाही. २२ मिनिटांच्या आसपासच्या रचनेत सोलो व्हायोलिन क्वचितच थांबतं.

खरी गोची तोकातात. जोर मात्रेच्या मधेच पडतो आणि गज आपोआप तो मात्रेवर ओढून आणतो. मेट्रोनोम अर्ध्या गतीवर ठेवून टिकटिक मात्रेच्या उत्तरार्धावर ऐकायची. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज सापडला नाही. आरिया सुरांना सोप्या. दुसरीतले बाखच्या वळणाचे अलंकार घाईने घेऊ नयेत, बस्स.

पियानो रिडक्शनवर एक तक्रार आहे. वाद्यवृंद मोठा असला तरी लेखन चेंबर म्युझिकसारखं (मोजक्या वादकांच्या संगीतासारखं) विरळ आहे. कुठे बासून हे फुंकवाद्य, कुठे ट्रम्पेट सोलोला उत्तर देतो. पियानोवर सगळे एकाच रंगाचे होतात आणि आपला समतोल चुकीचा बसतो. संपूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची स्वरलिपी) शेजारी ठेवा. १९३५ चं दुश्किनचं रेकॉर्डिंगही ऐका, त्यात संचालन खुद्द स्ट्राव्हिन्स्कीचं आहे. काप्रिच्चोत सोलोला ऑर्केस्ट्रातल्या पहिल्या व्हायोलिनची जोड मिळते. तेवढ्यासाठी तीन-चार तालमींना दुसरा व्हायोलिनवादक गाठावा, कारण पियानोच्या साथीवर बसवलेली ती जागा ऑर्केस्ट्रात पहिल्याच दिवशी विस्कटते.