ई-क्लास व्ही२१४: जुनी ई-क्लास देऊन नवी घेताना

मर्सिडीजच्या नव्या ई-क्लासची (कंपनीच्या भाषेत व्ही२१४ पिढी) लांबी ५,०९२ मिमी आहे. म्हणून बुकिंगचा चेक फाडण्याआधी टेप घेऊन आधी आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये जावं. आखून दिलेल्या जागा बहुतेक ठिकाणी अडीच बाय पाच मीटरच्या असतात. म्हणजे नाक भिंतीला टेकवलं तरी डिकी नऊ सेंटिमीटर पट्ट्याबाहेर. डब्ल्यू२१२ पिढीची शेवटची गाडी ४,८७९ मिमी होती, ती त्याच जागेत आरामात बसायची. स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर मशीनच्या खांबावरची पाटी वाचा. लांबी, रुंदी, उंची आणि वजन अशा चारही मर्यादा तिथे लिहिलेल्या असतात आणि सहसा लांबीच नडते. वजनही गृहीत धरू नका, ही गाडी रिकामीच दोन टनांच्या आसपास भरते. शोरूममध्ये यातलं कुणी काही विचारत नाही.

हा लेख मुख्यतः दोन प्रकारच्या मालकांसाठी. एक, ज्यांच्याकडे २००९ ते २०१६ या काळात विकली गेलेली डब्ल्यू२१२ आहे. दोन, ज्यांच्याकडे २०१७ नंतरची लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या जास्त अंतराची) व्ही२१३ आहे. दोघांचा हिशेब अगदी वेगळा येतो, पण विक्रेता दोघांनाही एकच पत्रक देतो.

व्हीलबेस बघा. डब्ल्यू२१२ चा २,८७४ मिमी, व्ही२१३ चा ३,०७९, व्ही२१४ चा ३,०९४. पहिल्या उडीत वीस सेंटिमीटर वाढले, दुसऱ्या उडीत जेमतेम दीड. मागच्या सीटचा खरा फरक व्ही२१३ मध्येच पडून गेला. त्यामुळे २०२१ च्या फेसलिफ्टनंतरची व्ही२१३ दारात उभी असेल, तर केवळ ‘मागे जागा जास्त’ या कारणासाठी बदलू नका. डब्ल्यू२१२ वाल्यांना मात्र मागचं दार उघडताच कळतं की ही दुसऱ्याच वर्गातली गाडी आहे.

मागे डाव्या बाजूला बसून पाहा, कारण गाडी तिथे बसणाऱ्यासाठीच बनवली आहे. दारावरच्या बटणांनी पुढची सीट पुढे सरकवता येते, त्यासाठी ड्रायव्हरला हाक मारावी लागत नाही. पाठ कलते, पण ती व्ही२१३ मध्येही जवळपास तेवढीच कलायची. नवं काय, तर सीटचा पुढचा भाग चाळीस मिमी बाहेर येतो आणि मांडी गुडघ्यापर्यंत टेकते. पुण्याहून मुंबईला तीन-चार तास मागे बसणाऱ्याची पाठ ज्या कारणाने दुखते ते हेच: मांडीला आधार नसला की माणूस नकळत खाली घसरत राहतो. टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांत हे जाणवणार नाही. विक्रेत्याला सांगून मागे निदान पाऊण तास बसा. घरातलं वयस्कर माणूस सोबत न्या आणि त्यांना दोनदा चढ-उतार करायला लावा. सेदानची सीट खाली असते आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना शेवटी तीच खटकते. मधल्या जागेचं म्हणाल, तर खाली मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यासाठीच्या बोगद्याचा मोठा उंचवटा आहे, तिथे मोठ्या माणसाने बसू नये. चौघांची गाडी समजून घ्या.

आता पुढच्या सीटवर. डब्ल्यू२१२ च्या ई २५० सीडीआय मध्ये २,१४३ सीसीचं डिझेल इंजिन, २०४ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क होता. व्ही२१३ च्या ई २२० डी ला १,९५० सीसीचं नवं इंजिन आलं, १९४ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटरचं. आताच्या ई २२० डी ला १९७ हॉर्सपॉवर आणि ४४० न्यूटन मीटर, वर ४८ व्होल्टच्या स्टार्टर-जनरेटरची, म्हणजे एका छोट्या वीजमोटरची, २३ हॉर्सपॉवरची मदत. म्हणजे कागदावर टॉर्क जुन्याच गाडीचा जास्त! हे ऐकून जुने मालक खट्टू होतात. रस्त्यावर मात्र उलटं वाटतं. नऊ गिअरचा बॉक्स इंजिनला नेमक्या फेऱ्यांवर ठेवतो आणि सिग्नलवरून निघतानाचा तो क्षणभराचा आळस वीजमोटर भरून काढते. जुन्या गाडीत सिग्नलला इंजिन बंद पडून पुन्हा चालू होताना सगळी गाडी अंग झटकल्यासारखी हलायची आणि त्या वैतागाने बरेच जण ते फीचर बंदच ठेवायचे. आता काट्याकडे पाहिलं तरच इंजिन चालू झाल्याचं समजतं.

याच प्रणालीचा एक तोटा म्हणजे अगदी हळू वेगातला ब्रेक. पेडल दाबताना आधी जनरेटर वेग खातो, मग पॅड लागतात. रांगेत सरकताना थांबण्याच्या शेवटच्या फुटाला पाय सरावेपर्यंत हलका धक्का बसतो. पगारी ड्रायव्हर असेल तर पहिल्या आठवड्यात मागे बसून त्याला हे सांगा, नाहीतर खापर सस्पेन्शनवर फुटतं.

स्टिअरिंगवरची स्पर्शाची बटणं हा या गाडीतला सर्वांत चुकीचा निर्णय. आवाज कमी करायला अंगठा पट्टीवर सरकवायचा. तो थोडा जास्त सरकला की आवाज एकदम बंद, कमी सरकला की काहीच नाही. बोट घामेजलेलं असलं की दोनदा-तीनदा तेच करावं लागतं. फेसलिफ्टवाल्या व्ही२१३ मध्येही हाच प्रकार होता, त्यामुळे त्या मालकांना सवय आहे. २०१७ ते २०२० ची गाडी किंवा डब्ल्यू२१२ सोडणाऱ्याला खरी बटणं आणि मधला फिरता नॉब आठवत राहतील. मधला पडदा १४.४ इंची, शेजारच्यासाठी आणखी १२.३ इंची. एसीचे आकडे मधल्या पडद्याच्या तळाशी कायम दिसतात, एवढी सोय बरी केली आहे. उन्हात मात्र पडद्यांवर बोटांचे ठसे लख्ख दिसतात. मायक्रोफायबर कापड कप्प्यात ठेवा आणि ते कोरडंच वापरा. काचेचा फवारा थेट पडद्यावर मारू नका, कडेच्या फटीतून द्रव आत उतरतो.

लांब व्हीलबेसचं मोल गतिरोधकावर चुकवावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं गाडीचं पोट उंचवट्याच्या माथ्याच्या जवळ येतं. मागे तिघं आणि डिकीत सामान असेल तर मागचा भाग बसतो आणि गावातल्या सिमेंटच्या अरुंद, उंच गतिरोधकावर पोट घासतं. उपाय जुनाच: जवळजवळ थांबा, गाडी तिरकी घ्या, एका वेळी एकच चाक चढवा आणि माथ्यावर असताना ब्रेक दाबू नका, ब्रेक दाबला की नाक खाली जातं. बेसमेंटचा रॅम्प जिथे सपाट रस्त्याला मिळतो तिथेही हेच होतं, तोही टेप घेऊन गेलात त्याच दिवशी पाहून ठेवा.

चाकं आता १८ इंची आहेत. व्ही२१३ च्या ई २२० डी ची १७ इंची होती. दिसायला बरं, पण खड्ड्यात रिमला मार बसण्याची शक्यता त्या मानाने वाढली. हवेचा दाब थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. पंपवाल्याच्या ‘सगळ्यांना पस्तीस’ वर सोडू नका. टायर बदलताना कडेला ‘एमओ’ शिक्का असलेलाच मागावा, तो मर्सिडीजच्या मोजमापानुसार बनवलेला असतो. शिक्का नसलेला टायर बसतो, चालतोही, पण आवाज आणि वळणावरची पकड वेगळी लागते आणि एकाच ॲक्सलवर दोन प्रकार आले की गाडी एका बाजूला ओढते. स्टेपनी छोटीच आहे, ८० च्या वर पळवायची नाही. पण ती आता डिकीच्या तळाखाली गेली, ही जुन्या मालकांसाठी सर्वांत आनंदाची बातमी. व्ही२१३ मध्ये स्टेपनी डिकीतच जागा अडवायची आणि विमानतळावर दोन मोठ्या बॅगा गेल्या की तिसरी पुढच्या सीटवर.

डिझेल की पेट्रोल? रोजचं जाणं-येणं सात-आठ किलोमीटरचं असेल आणि महामार्ग महिन्यातून एखाददा लागत असेल, तर ई २०० पेट्रोलच घ्या. बीएस ६ डिझेलमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी धुराची नळी बराच वेळ तापलेली राहावी लागते. छोट्या फेऱ्यांत हे काम अर्धवट तुटतं. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ होतं आणि शेवटी दिवा लागतो. असा दिवा लागला तर गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. दुर्लक्ष केलं तर वर्कशॉपमध्ये जबरदस्तीने जाळावं लागतं.

ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा युरियाचा द्राव, हा डब्ल्यू२१२ वाल्यांना नवा विषय. निळ्या झाकणाचं तोंड डिझेलच्या तोंडाशेजारीच असतं. सील असलेला, आयएसओ २२२४१ लिहिलेला डबाच घ्या. पातळी उतरली की गाडी उरलेले किलोमीटर मोजून दाखवायला लागते. ते शून्यावर गेले आणि गाडी बंद केली, तर ती पुन्हा सुरू होत नाही. आणि चुकून ॲडब्लू डिझेलच्या टाकीत पडलंच तर इग्निशनसुद्धा लावू नका. पंप फिरला की ते पुढे इंजेक्टरपर्यंत जातं आणि टाकी रिकामी करण्याचं काम लाखांवर जातं.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीला देखभालीचा चार्जर लावा. मोबाइल ॲपवरून सारखी गाडीची विचारपूस करणं हेही बॅटरी उतरण्याचं एक कारण आहे, प्रत्येक वेळी गाडीतले संगणक जागे होतात. पहिले १,५०० किमी वेग बदलता ठेवा, किकडाउन (ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबणं) टाळा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

जुनी गाडी देताना एक्सचेंजच्या आकड्यावर लगेच मान डोलावू नका. डब्ल्यू२१२ डिझेलमध्ये पारखी माणूस आधी थंड इंजिन चालू करून कान देतो. टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड ऐकू आली तर तो भाव पाडणार, कारण त्या कामासाठी बरंच काही उतरवावं लागतं. दुसरी गोष्ट स्टिअरिंगचं इलेक्ट्रॉनिक लॉक: किल्ली लावली तरी काहीच होत नाही, दहा वेळा करून एकदा चालू होते, अशी लक्षणं असतील तर दुरुस्त करूनच विकायला काढा. तिसरी, विंडस्क्रीनच्या खालची पाण्याची वाट. तिथे पानं साचून पाणी तुंबलं की वायरिंगला ओल लागते. ही साफ करायला दहा मिनिटं लागतात आणि नव्या गाडीलाही दर पावसाळ्याआधी ती द्यावीत.

जुन्या विम्यावरचा नो क्लेम बोनस (एनसीबी) गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते आणि ऐंशी लाखांच्या गाडीवर ती रक्कम भरघोस असते. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं. एक्सचेंजच्या गडबडीत हे हमखास राहून जातं. नव्या विम्यात झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्शन दोन्ही घ्या. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. साधा विमा हा खर्च देताना हात आखडता घेतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ई २०० ची ७८.५ लाख, ई २२० डी ची ८१.५ लाख आणि सहा सिलिंडरच्या ई ४५० ची ९२.५ लाख होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सेदानवरचा सेससकट ४८ टक्के कर ४० टक्क्यांवर आला, म्हणून जुन्या कोटेशनवर बोलणी करू नका. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स, तर कंपनीच्या नावावर २० टक्के. डिझेल गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हा फरक सहज तीन-चार लाखांचा होतो. घसाऱ्याचा फायदा मोजताना सीएला हा आकडाही सांगा. बिलावर घेतलेला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) विवरणपत्रात परत मागता येतो.

बीएमडब्ल्यूची लांब ५३० एलआय समोर ठेवून पाहणार असाल तर तिचा व्हीलबेस ३,१०५ आणि लांबी ५,१६५ मिमी आहे. पार्किंगचा प्रश्न तिथे आणखी सात सेंटिमीटरनी वाढतो.

गाडी पासिंगला जाण्याआधी स्टॉकयार्डमध्येच तपासा, नंबर पडल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. प्लेटवरचा उत्पादनाचा महिना पाहा. चाकणमधून निघून यार्डात सहा महिने उन्हात उभी राहिलेली गाडी नको. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे आकडे एकमेकांच्या जवळचे हवेत. मागच्या दोन्ही सीट पूर्ण कलवून परत आणा, मांडीचा आधार बाहेर काढा, काचांचे पडदे वर-खाली करा, चारही दारांची आत बसलेली हँडल बाहेर येतात का बघा. दोन्ही किल्ल्यांतली धातूची पाती बाहेर काढा आणि त्या पातीने ड्रायव्हरचं दार कसं उघडतं ते तिथल्याच माणसाला करून दाखवायला सांगा.