दुपारच्या उन्हातले चेहरे आणि डार्कटेबल: वर्षभराच्या वापरानंतर

मुहूर्त काढताना फोटोग्राफरला कोणी विचारत नाही. साडेबाराला अक्षता पडतात, पंगती बसायच्या आत ‘आमचा एक फॅमिली फोटो घ्या’ म्हणत सगळे मंडपाबाहेर येतात आणि नेमके उन्हात उभे राहतात. मे महिन्यात तर आपल्याकडे सूर्य खरोखरच डोक्यावर असतो. पुण्या-मुंबईचा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यालाच येतो. मग कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, नथीची सावली ओठावर पडते. डोक्यावर पदर घेतलेल्या काकूंचा निम्मा चेहरा दिसतच नाही.

असे फोटो दुरुस्त करायला मी गेलं वर्षभर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरतेय. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतं. त्यातल्या सगळ्या मॉड्यूलांबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या कामांच्या साधनांबद्दल, लिहायचं तर रात्र पुरणार नाही. माझं निम्मं काम ज्याच्यावर चालतं तो टोन इक्वलायझर आणि त्याच्या जोडीला लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी, एवढंच सांगते.

टोन इक्वलायझर डिसेंबर २०१९ च्या ३.० आवृत्तीत आला. तो फोटोतल्या उजेडाचे −८ ते ० ईव्ही (उजेड मोजायचं एकक) असे एकेका स्टॉपच्या, म्हणजे दुप्पट उजेडाच्या, अंतराने नऊ पट्टे करतो आणि प्रत्येक पट्टा वेगळा वरखाली करू देतो. सावल्या उचलायची, म्हणजे उजळायची, साधी पट्टी ओढली की चेहरा बऱ्याचदा सपाट, धुवट दिसायला लागतो. इथे आतून एक मास्क, म्हणजे कुठे किती बदल लागू करायचा याचा नकाशा, तयार होतो. बारीक तपशील त्यात पुसट असतात, पण उजेड-सावलीची मोठी सीमा शाबूत असते. त्यामुळे खोबणीतला अंधार एकत्र वर येतो आणि पापण्या, भुवया, सुरकुत्या यांच्यातला आपापसातला फरक तसाच राहतो.

मात्र आधी मास्किंगच्या टॅबमध्ये जायलाच हवं. तिथे मास्कचं एक्स्पोजर (एकूण उजेड) आणि कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) जुळवायला जादूच्या कांडीची दोन बटणं आहेत. ती दाबून हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचा भाग किती, याचा आलेख) नऊ पट्ट्यांवर नीट पसरवून घ्यायचा. तो एका कोपऱ्यात गोळा झालेला असेल तर पुढे कितीही पट्ट्या ओढा, काही हलणार नाही. एकदा मास्क जमला की काम सोपं होतं: माऊस डोळ्याखालच्या सावलीवर न्यायचा आणि चाक फिरवायचं. डोळ्यांसारख्या लहान जागेसाठी स्मूदिंगचा (मास्क किती पुसट करायचा त्याचा) व्यास कमी करावा लागतो, नाहीतर गालही सोबत उजळतो.

किती उचलायचं? सावली पूर्ण घालवायची नाही, हे माझं ठाम मत. मागे पांढरं ऊन दिसतंय आणि चेहऱ्यावर सावलीचा मागमूस नाही, असा फोटो स्टुडिओत कापून चिकटवल्यासारखा वाटतो. मी साधारण एक-दीड स्टॉपचा फरक ठेवते. आणि नाकाच्या सावलीची कडक धार कुठल्याही पट्टीने मऊ होत नाही. सावली फिकी होते, धार तशीच राहते.

खरी मेहनत रंगाची आहे, आणि यावर फारसं कोणी बोलत नाही. उन्हातला भाग सूर्याच्या प्रकाशात असतो, सावलीतल्या भागावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो. सावली काळी असते तोवर तो निळेपणा कळत नाही. दोन स्टॉप वर आणली की गाल राखाडी दिसायला लागतात, आजारी माणसासारखे. यावर इलाज म्हणजे कलर कॅलिब्रेशन या प्रकाशाचा रंग सावरणाऱ्या मॉड्यूलची दुसरी प्रत. चेहऱ्याभोवती हाताने मास्क काढायचा, त्याला पॅरामेट्रिक मास्क (उजेड किंवा रंगावरून भाग निवडणारा) जोडून फक्त गडद भाग निवडायचा आणि तेवढ्यापुरता प्रकाश उबदार करायचा. कोकणातल्या अंगणात उलटा प्रकार: जांभ्याची तांबडी जमीन खालून उजेड फेकते आणि हनुवटी नारिंगी होते. गुलाबी-पिवळ्या मंडपाच्या कापडाखाली तर प्रत्येक चेहऱ्याला वेगळा मास्क. तेव्हा मात्र कंटाळा येतो.

जळालेल्या, म्हणजे जास्त उजेडाने पांढऱ्या पडलेल्या, भागाबद्दल भ्रम नको. फोटोत लाल, हिरवा, निळा असे रंगांचे तीन चॅनेल असतात; त्वचेवर बहुधा लाल चॅनेल आधी संपतो आणि कपाळावर पिवळट डाग उमटतो. एखादाच चॅनेल गेला असेल तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शन हे मॉड्यूल शेजारच्या रंगावरून बरंच सावरून घेतं, ४.२ आवृत्तीपासून त्याची आपोआप लागणारी पद्धतही सुधारली आहे. तिन्ही चॅनेल गेले की तिथे माहितीच नसते. म्हणून उन्हात मी कॅमेऱ्यातच कपाळ सांभाळते आणि चेहरा थोडा काळा येऊ देते. आयएसओ १०० वर, म्हणजे कमी संवेदनशीलतेवर, काढलेली रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) तीन स्टॉप उचलली तरी टिकते. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, नेहमीच्या जेपीजी फोटोत २५६. मामेभावाने मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो ‘जरा नीट करून दे’ म्हणून येतो, तेव्हा मी गोड बोलून नाही म्हणते.

झाडाखालच्या कवडशांपुढे मी हात टेकले आहेत. एका गालावर तीन कवडसे, पानांतून आलेला हिरवा उजेड. प्रत्येक ठिपका वेगळा दाबत बसलात तरी चेहरा कोडासारखा दिसतो. फोटो जपण्यासारखा असेल तर कृष्णधवल करायचा. रंगाचा गोंधळ मिटतो आणि कवडसे शोभूनही दिसतात.

एक गोष्ट गिऱ्हाइकांची. सावली उचलून दाखवली की ‘अजून थोडी उजळ करा ना’ येतंच, बहुतेकदा नवरीबद्दल. सावल्यांचे पट्टे सोडून मधले पट्टे वर ओढले की सावळी मुलगी गोरी होते, दोन सेकंदांचं काम आहे. मी ते करत नाही. हळदीचा पिवळेपणा आणि तिचा स्वतःचा रंग दोन्ही फोटोत राहतात, आणि यावरून एखादं काम हातचं गेलं तरी चालतं.

हे सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागतो. पहिले काही आठवडे मॉड्यूलांच्या गर्दीत हरवायला होईल. उजव्या बाजूला स्वतःचा गट करून पाच-सहा मॉड्यूलंच ठेवा. ओपनसीएल (फोटोचं गणित ग्राफिक्स कार्डाकडून करून घेणारी सोय) चालणारं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मोठ्या रॉ फाइलवर दोन-तीन मास्क लावल्यावर प्रत्येक बदलाला थांबावं लागतं. मूळ फाइलला मात्र ते हात लावत नाही. सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये जातात, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करता येतात. फक्त लग्नसराई चालू असताना नवी आवृत्ती टाकू नका. ती डेटाबेस (फोटोंची नोंदवही) बदलून घेते आणि मग जुन्या आवृत्तीत तो उघडत नाही. टाकायचीच असेल तर आधी कॉन्फिगच्या (सेटिंग्ज आणि डेटाबेस असलेल्या) फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.