वेताळ टेकडीवरील वनस्नान: शुल्क योग्य, दावे जास्त

पुण्यात अलीकडे मार्गदर्शकासह वनस्नान, म्हणजे झाडांमध्ये सावकाश हिंडत पाहणे, ऐकणे, वास घेणे, घडवणारे उपक्रम सुरू झाले आहेत. त्यांपैकी वेताळ टेकडीवरील एका उपक्रमात मी नुकताच सहभागी झालो. सातशे रुपयांत अडीच तासांची संथ भटकंती आणि शेवटी गवती चहा मिळतो. फोन बंद करून पिशवीत ठेवावे लागतात. एरवी घड्याळाकडे बघत झपाझप चालणाऱ्यांची वर्दळ असलेल्या या टेकडीवर एका साळईच्या झाडापाशी निवांत थांबून तिची कागदासारखी सुटणारी साल पाहता येते, बोटाला लागलेल्या डिंकाचा वास घेता येतो, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

माहितीच्या बाबतीत मात्र आयोजकांनी हात सैल सोडला आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ची, म्हणजेच वनस्नानाची, कल्पना पुढे आणली, हे मार्गदर्शकांनी बरोबर सांगितले, परंतु टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधील डॉ. छिंग ली यांचा दाखला देऊन एका सकाळीत प्रतिकारशक्ती वाढते असे म्हणणे पटणारे नाही. नैसर्गिक मारक पेशींची (विषाणूबाधित पेशी नष्ट करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) क्रियाशीलता वाढल्याचे त्यांना आढळले ते लहान गटांच्या, दोन रात्रींच्या जंगलमुक्कामानंतर. शिवाय ज्या जपानी हिनोकी वृक्षाच्या तेलाची त्यांनी वेगळी चाचणी घेतली, त्याचे गुण टेकडीभर लावलेल्या, मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाला परस्पर कसे चिकटवायचे?

त्यापेक्षा इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरचा २०१९ चा अभ्यास सांगायला हवा होता. आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपले आरोग्य चांगले असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते, आणि हा वेळ सलग घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. (नोकरदार पुणेकरांना हे ऐकून हायसे वाटले असते.) फिनलंडमध्ये खासगी रानातही हिंडण्याची मुभा असते, दक्षिण कोरियात सरकारच उपचार-वने चालवते, हे ओझरते आले, भीमाशंकरकडच्या देवरायांचे नावही निघाले नाही. देवराई राखली गेली ती आरोग्यासाठी नव्हे, देवाच्या धाकाने; पण वाळकी फांदीही न उचलण्याच्या त्या शिस्तीची इथे गरज होती, कारण सहभागींपैकी काहीजण खुशाल फुले तोडत होते.

गट मोठा असल्याने मागच्यांना मार्गदर्शकाचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून रविवार टाळून मधला वार घ्यावा. टेकडीची सवय नसलेल्यांनी एकदा जरूर जावे. रोज फिरणाऱ्यांनी शुल्क भरण्याऐवजी फोन घरी ठेवून वेग निम्म्यावर आणला तरी चालेल.