पावसाळी चेन ल्यूब: दोन महिन्यांच्या वापरानंतर

कोरड्या दिवसांत मी सायकलच्या चेनला मेणाचे पातळ वंगण लावतो. ते हाताला लागत नाही आणि चेन स्वच्छ राहते. मात्र पहिल्याच जोरदार सरीत ते धुऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेनच्या पट्ट्यांवर गंजाची नारिंगी झाक दिसू लागते. म्हणून या वेळी ‘वेट ल्यूब’, म्हणजे पावसात टिकणाऱ्या वंगणाच्या प्रकारातली १०० मिलीलीटरची बाटली घेतली आणि रोजच्या साधारण १८ किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये दोन महिने वापरली.

हे वंगण एरंडेलासारखे दाट आहे. एकदा सलग दोन तास पावसात सायकल चालवूनही चेन कुरकुरली नाही, आणि माझ्या मते वंगणाची हीच खरी परीक्षा आहे. बरेच जण पावसातून आल्यावर चेनवर डब्ल्यूडी-४० हा स्प्रे मारून मोकळे होतात. त्या नावातील ‘डब्ल्यूडी’चा अर्थच मुळी पाणी हटवणे असा असल्याने पाणी निघते खरे, पण त्याचा पातळ थर पुढच्या पावसात टिकाव धरत नाही.

दाटपणाची किंमत मात्र मोजावी लागते. रस्त्यावरची बारीक वाळू या वंगणाला चिकटते, त्याचा काळा लगदा होतो आणि तो चेन व गिअरचे दाते पॉलिशपेपरसारखा घासत राहतो. पहिल्या आठवड्यात मी चेनवर सढळ हाताने धार सोडली आणि पँटची उजवी मोहरी कायमची काळी करून घेतली. वंगणाची गरज असते ती रोलरच्या, म्हणजे पट्ट्यांमधल्या फिरत्या नळीच्या आत, पिनेजवळ. बाहेरच्या पट्ट्यांवर त्याचा जेमतेम पुसट थर पुरतो. त्यामुळे आता मी प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाकतो, पेडल उलटे फिरवून ते आत मुरू देतो आणि थोड्या वेळाने जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरून, फडक्यावर काळे उमटणे कमी होईपर्यंत पुसतो. ही पुसापुशी प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर करावी लागते. तेवढी तयारी नसेल तर हे वंगण घेऊ नये.

चेन किती झिजली हे पट्टीने मोजता येते. नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिलीमीटर भरतात आणि हे अंतर ३०६.३ च्या पुढे गेले, म्हणजे अर्धा टक्का वाढले, की चेन बदलण्याचा विचार करावा. माझी चेन अजून ३०५ च्या आसपास आहे.

खरी तक्रार बाटलीच्या तोंडाविषयी आहे. ते इतके रुंद आहे की एक थेंब मागितला तर तीन पडतात, आणि डिस्क ब्रेकच्या चकतीवर त्यातला एक जरी उडाला तरी ब्रेक पॅड निकामी होऊ शकतात. शेवटी मी हे वंगण सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून ठेवले. बाटली अजून निम्मी शिल्लक आहे. पाऊस ओसरला की चेन डिग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मेणाच्या वंगणाकडे वळणार आहे, कारण कोरड्या धुळीत हे दाट तेल अजिबात नको.