घरी येणाऱ्या सिस्टर: लातूरमधील दहा दिवसांचा अनुभव

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना लातूरला घरी आणले, तेव्हा आधीच्या एका एजन्सीचा कटू अनुभव ताजा होता. त्यांनी ‘नर्स’ म्हणून पाठवलेल्या मुलीची परिचारिकांची नोंद ठेवणाऱ्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीच नव्हती आणि रक्तदाबाचा पट्टा कसा बांधावा, हेही तिला सासूबाईंनीच सांगितले. म्हणून या वेळी औसा रस्ता परिसरात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका सिस्टरांना बोलावले. मी स्वतः वॉर्डात परिचारिका आहे आणि नोकरी सोडून असेच काही सुरू करावे, असे बरेच दिवस मनात आहे. त्यामुळे माझे लक्ष जखमेइतकेच त्यांच्या पिशवीकडे आणि वहीकडेही होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी न मागता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे प्रमाणपत्र दाखवले. दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण आणि त्यासाठी प्रशिक्षणांतून जमवावे लागणारे क्रेडिट पॉइंट (गुण) यांची आठवण रुग्णालयात मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, करून देतात. स्वतंत्र काम करणारीला ती स्वतःच ठेवावी लागते. नंतर डिस्चार्ज कार्डवरील प्रत्येक औषध, मात्रा आणि वेळ त्यांनी वहीत उतरवून घेतली. चौथ्या रात्री ताप आला, तेव्हा घरात उरलेले अँटिबायोटिक इंजेक्शन द्यावे, असा दिरांनी आग्रह धरला. परंतु डॉक्टरांचा लेखी आदेश मोबाइलवर येईपर्यंत सिस्टरांनी सिरिंजही उघडली नाही. दीर चिडले. मला मात्र ते पटले, कारण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रार झालीच, तर स्वतंत्र काम करणाऱ्या सिस्टरांच्या पाठीशी कोणतेही रुग्णालय उभे नसते. व्यावसायिक दायित्वाचा विमा (कामातील चुकीबद्दल भरपाई द्यावी लागल्यास उपयोगी पडणारा) त्यांनी घेतला आहे, हे विचारल्यावर कळले.

सर्वांत आवडली ती कचऱ्याची शिस्त. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनची सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जाई. ड्रेसिंगचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 मधील हे रंग आम्हाला वॉर्डाच्या भिंतीवरून पाठ असतात, पण तिथे पिशवी न्यायला माणूस येतो. या सिस्टर ती स्वतः उचलून, कचरा घेण्याची लेखी व्यवस्था केलेल्या रुग्णालयात पोहोचवतात. एका फेरीचे 400 रुपये मला त्यामुळेच जास्त वाटले नाहीत.

उणिवाही आहेत. पावतीवर नोंदणी क्रमांक नाही. सातव्या दिवशी त्यांना अचानक गावी जावे लागले आणि बदली व्यवस्था नसल्याने त्या दिवशीचे इंजेक्शन मीच दिले. घरात परिचारिका नसती, तर काय झाले असते? शिवाय वहीतील नोंदींची प्रत दोनदा मागितल्यावरच मिळाली. बोलावणाऱ्यांनी ती शेवटच्या फेरीआधीच मागून घ्यावी.